स्वयंपाकघरातलं चार्जिंग स्टेशन

उल्हास खोरे हवामान कक्षाच्या मासिक बैठकीत बुद्धभूषण जाधव एकच शब्द बोलला, आणि पुढचा सगळा गोंधळ त्या शब्दानं केला. तो शब्द होता, 'एक'.

कक्षाचं काम तसं फार मोठं होतं. पृथ्वी तापते आहे. ती आणखी तापू नये म्हणून लोकांनी पेट्रोल सोडून विजेच्या गाड्या घ्यायला हव्यात. आता त्या घेतल्या का, घेतल्या तर चार्ज कुठे करतात, हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात फिरून कुणीतरी मोजत राहायला हवं. त्यासाठी अंबरनाथला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा कक्ष उघडला होता. (इमारतीच्या समोरच पेट्रोल पंप होता, पण त्याला कक्ष तरी काय करणार?)

भूषणकडे उल्हासनगरच्या कॅम्प पाचचा भाग होता. माणूस मुळात जिद्दीचा. नोकरीला लागला त्याच महिन्यात त्यानं आपली चांगली चालती पेट्रोलची स्कूटर विकून पांढरीशुभ्र, हिरव्या नंबर प्लेटची विजेची स्कूटर घेतली होती आणि सगळ्या कक्षासमोर उभं राहून शपथ घेतली होती की, इथून पुढे मी कार्यालयात येईन तो विजेच्या गाडीनंच. शलाका मॅडम, म्हणजे कक्षाच्या प्रमुख, त्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्या बाईसमोर पुढे कधी मान खाली घालायला लागू नये, अशी भूषणची फार इच्छा होती.

तर त्या बैठकीत बदलापूरच्या विक्रांतनं आपल्या भागातले चार्जिंग पॉइंट असे वाचून दाखवले, जसं काही ते त्यानं स्वतः पेरून उगवून आणले होते. मग मॅडमनी भूषणकडे बघितलं.

"कॅम्प पाच?"

खरं उत्तर शून्य होतं. पण विक्रांतनंतर लगेच शून्य म्हणायला जीभ रेटेना.

"एक," भूषण म्हणाला.

"अरे वा. कुठे?"

आता इथे माणसानं निदान शेजारच्या गल्लीचा तरी पत्ता द्यावा. पण खोटं बोलायची सवय नसली की हे असं होतं. भूषणनं स्वतःच्या घरचा पत्ता दिला, आणि मॅडमनी तो तिथल्या तिथे नकाशावर चढवला. फोन असलेल्या कुणालाही दिसेल असा.

परतताना त्यानं स्वतःची समजूत घातली. घर तळमजल्यावर, पुढे ओटा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढून तो स्वतःची स्कूटर चार्ज करतच होता. म्हणजे पॉइंट होता. चार्जिंगही होत होतं. फक्त ते सार्वजनिक नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"म्हणजे आपलं स्वयंपाकघर आता नकाशावर आहे," अस्मिता म्हणाली. ती भूषणची बायको. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या रक्तातले दोष बघून आल्यावर घरच्या माणसाच्या दोषांचं तिला फारसं नवल वाटत नसे.

"नावापुरतं गं."

"वेळ काय टाकलीये?"

"चोवीस तास."

अस्मितानं कुकरचं झाकण लावलं आणि शिट्टी बसवली.

"कोण येतंय इथे?" भूषण म्हणाला. "लोकांना गाड्याच घ्यायच्या नाहीत. तीच तर अडचण आहे आमच्या कक्षाची."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक उंच माणूस विजेची रिक्षा ढकलत दाराशी आला. ओट्यावर भूषणची आई, भागीरथीबाई, मेथी निवडत बसल्या होत्या.

"जय भीम, आई. चार्जिंग स्टेशन हेच ना? मोबाइलनं इथपर्यंत आणलं आणि बोलला, पोहोच गये."

"जय भीम. स्टेशन-बिशन नाही माहीत, बाबा. पण वायर आहे. लावायची का?"

भूषण आतून धावत आला. त्याला सांगायचं होतं की मशीन सध्या बंद आहे, कंपनीचा माणूस येणार आहे, आठवडा जाईल. पण तोवर भागीरथीबाईंनी मेथीची परात बाजूला सारून स्वतःच्या हातानं पिन खुपसली होती, आणि रिक्षावाल्याच्या तोंडावर असा आनंद पसरला होता की त्यावर 'बंद आहे' म्हणणं म्हणजे जेवत्या माणसासमोरचं ताट ओढण्यासारखं झालं असतं.

रिक्षावाल्याचं नाव जयदेव. रिक्षा भरायला काही तास लागणार होते. आता इतका वेळ माणूस आपल्या ओट्यावर बसलेला, आणि आपण त्याला काही विचारायचं नाही, हे भागीरथीबाईंच्या उभ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी आधी पाणी दिलं. मग चहा दिला. चहाबरोबर त्याची बायको कुठली, मुलं किती, रिक्षा कुणाच्या नावावर, हे विचारून घेतलं. तोवर जेवायची वेळ झाली, म्हणून भाकरी आणि मेथी दिली. भाकरी खाताखाता जयदेव म्हणाला, "आई, बाकीचे स्टेशन पण बघितले मी. पण ये बात नाही तिकडे."

आणि तो हेच जाऊन रिक्षा स्टँडवर बोलला.

त्यानंतर भूषणच्या दारात जी रीघ लागली तिच्याबद्दल कक्षानं खरं तर एक स्वतंत्र अहवाल काढायला हवा होता. रिक्षा आल्या. पार्सलं पोचवणारी पोरं आली. शेजारच्या गल्लीतली चिमी आली. ती कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यांमध्ये कापड आणि तयार माल पोचवायची, आणि तिच्या स्कूटरवर मागे जीन्सचा एवढा ढीग असे की दुरून तो ढीगच चालत येतोय असं वाटे. चिमी सिंधी. पहिल्या दिवशी भागीरथीबाईंनी तिला डब्यात भाजी दिली. दुसऱ्या दिवशी तिनं तो डबा सिंधी कढीनं भरून आणला, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो. आता भरलेला डबा आला म्हटल्यावर यांनी तो परत रिकामा कसा धाडायचा? तो डबा दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला, आणि चिमीची स्कूटर सगळ्यात जास्त चार्ज व्हायला लागली.

खरं सांगायचं तर भागीरथीबाई एकट्या पडल्या होत्या. भूषणचे वडील गेले, कॅम्प तीनमधली जुनी चाळ सुटली, आणि या गल्लीत त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती. आता अख्खा ओटा बोलत होता. बाई सकाळीच आंघोळ करून, निळ्या काठाचं पातळ नेसून तयार. कुणाची बॅटरी किती वेळ घेते, कुणाच्या पोरीची परीक्षा कधी आहे, कुणाच्या नवऱ्यानं बोलणं टाकलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांचा तो उजळलेला चेहरा बघून भूषणला बरं वाटायचं. आतून, मनापासून बरं वाटायचं. म्हणून तर त्याला वायर काढून टाकता येईना.

पण घरात हवामान बदलाचे परिणाम दिसायला लागले होते.

पहिला फटका मिक्सरला बसला. रिक्षा चालू असताना मिक्सर लावला की घरभर अंधार. मग खोबऱ्याची चटणी पाट्यावर. मग गीझर बंद, कारण गीझर आणि चिमीची स्कूटर यांचं पटत नव्हतं. मग एक दिवस दोन गाड्यांना एकदम घाई झाली आणि कुणीतरी फ्रिजची पिन काढली.

"दूध नासलं," अस्मिता म्हणाली.

"पर्यावरणासाठी थोडी कळ सोसायला लागते गं."

"कळ मी सोसते. पर्यावरण तुमचं." तिनं शेगडीकडे बोट दाखवलं. तिथे दिवसातला कितवा कोण जाणे चहा उकळत होता. "आणि या गाड्यांनी जेवढं पेट्रोल वाचवलं ना, तेवढा गॅस आपण इथे चहात जाळतोय. हे पण मोजा जरा."

भूषणनं ते मोजलं नाही. मोजल्यावर काय निघेल याची त्याला धास्ती होती.

आणि या सगळ्यात त्याच्या स्वतःच्या स्कूटरचं काय झालं? तिला नंबरच लागेना. तो संध्याकाळी घरी आला की ओट्यासमोर गाड्यांची रांग. पहाटे उठून वायर घ्यावी तर जयदेव आधीच पिन लावून ओट्यावर दात घासत बसलेला.

"आई, मला रोज कामाला जायचं असतं."

"मग त्यांना नसतं का? त्याची रिक्षा पोटासाठी आहे."

"अगं, पण मी घरचा माणूस."

"घरचा आहेस म्हणून तर थांब म्हणते. आल्यागेल्याला कसं थांबवायचं?"

स्कूटर ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकली ती टेकलीच. शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातून निळ्या सुताची धूळ उडायची, ती हळूहळू तिच्यावर बसत गेली, आणि पांढरी स्कूटर आकाशी झाली. पुढच्या जाळीत कुणीतरी रिकामे कप ठेवायला लागलं. सीट रुंद आणि उन्हातली, तेव्हा भागीरथीबाईंनी तिच्यावर साडीचा तुकडा अंथरून लाल मिरच्या वाळत घातल्या.

पण शपथ घेतली होती ना! आणि मॅडम नव्या माणसाला भूषणची ओळख करून देताना आवर्जून सांगत, "हे जाधव. आपल्याकडे बोलणारे खूप आहेत. हे रोज विजेच्या गाडीनं येतात." भूषण रोज जयदेवच्या रिक्षात शेअरचं तिसरं गिऱ्हाईक म्हणून दाटीवाटीनं बसायचा, कक्षाच्या अलीकडच्या वळणावर उतरायचा, पिशवीतून हेल्मेट काढून डोक्यावर चढवायचा आणि तसाच जिना चढायचा. जिन्यात धाप लागली की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरायची. तो ती टेबलाशी बसून शांतपणे पुसायचा.

"साहेब, कशाला एवढं टेन्शन?" जयदेव म्हणायचा. "माझी रिक्षा तुमच्या घरच्या करंटवर चालते. म्हणजे तुम्ही तुमच्याच गाडीतून येता, असं समजा ना."

भूषणला हे पटायचं. पण मॅडमना पटेल का, याची खात्री नव्हती.

आणि मग पुढच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "एक आनंदाची बातमी आहे. नकाशावरच्या नोंदी बघितल्या मी. आपल्या तिन्ही शहरांत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं चार्जिंग केंद्र कुठलं असेल? जाधवांचं. कॅम्प पाच. मी सोमवारी स्वतः बघायला जाणार आहे."

विक्रांतनं वळून बघितलं. भूषणच्या तोंडचं पाणी पळालं. केंद्र कुठलं? खिडकी होती. खिडकीतून लोंबणारी वायर होती. नसलेलं केंद्र नकाशावर चढवलं म्हणून मेमो, मेमोचा सेवापुस्तकात लाल शेरा, आणि मग पुढची सगळी वर्षं विक्रांतच्या हाताखाली. हे चित्र डोळ्यांसमोर आलं तशी त्याच्यातली जिद्द पुन्हा उसळली. सोमवारपर्यंत केंद्र उभं करायचं.

रविवारी त्यानं वायरमन बोलावून खिडकीबाहेर भक्कम पेटी आणि जाड प्लग बसवून घेतला. ओट्यासमोर पिवळे पट्टे मारले. 'विद्युत वाहन चार्जिंग केंद्र' असा बोर्ड रंगवून टांगला. मग आईला समोर बसवलं.

"आई, उद्या मॅडम येतील. तू म्हणायचं, मी केंद्राची देखरेख करते. आणि काही झालं तरी चहा विचारायचा नाही. सरकारी तपासणी आहे. चहा दिला की ते घर वाटतं."

"मग आहे काय हे?"

"उद्यापुरतं केंद्र आहे."

"बरं," भागीरथीबाई म्हणाल्या. पण चहा विचारायचा नाही म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

सोमवारी शलाका मॅडम आल्या. भूषण कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हेल्मेट काखेत धरून दारात उभा. रांगेत जयदेव, चिमी आणि इतर नेहमीची मंडळी. अस्मितानं लॅबला अर्धा दिवस सुट्टी टाकली होती. का, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "असं बघायला परत मिळणार नाही."

मॅडमनी पिवळे पट्टे बघितले, पेटी बघितली, वायरीवरून नजर फिरवत फिरवत ती खिडकीतून आत नेली, आणि आत त्यांना शेगडी, मिसळणाचा डबा आणि पाटा दिसला.

"हे केंद्र कोण चालवतं?"

"मी देखरेख करते, बाई," भागीरथीबाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या. मग मॅडमच्या घामेजल्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं आणि सगळं पाठांतर वाहून गेलं. "उन्हातून आलात. बसा आधी. चहा ठेवते."

भूषणनं डोळे मिटले.

पण मॅडम बसल्या. चहा घेतला. चिमीनं डब्यातून कोकी, म्हणजे सिंध्यांची ती कांद्याची जाड पोळी, काढून दिली, तीही खाल्ली. जयदेवनं त्यांना सांगितलं की या आईंमुळे स्टँडवरच्या कितीतरी जणांनी सीएनजी सोडून विजेच्या रिक्षा घेतल्या, कारण गाडी चार्ज होईपर्यंत बसायला जागा आणि बोलायला माणूस मिळतो. शेवटी मॅडमनी कप खाली ठेवला.

"जाधव, हे तुमचं घर आहे."

"हो, मॅडम," भूषण म्हणाला. "बैठकीत शून्य म्हणवलं नाही माझ्याच्यानं. चूक झाली."

"चूक तर झालीच. मेमो द्यायला हवा." मॅडम ओट्यावरच्या गर्दीकडे बघत राहिल्या. "पण मेमोत लिहू काय? आमच्या मोठमोठ्या केंद्रांवर माणूस फिरकत नाही, आणि इथे रांग. आपण असं करू. गल्लीच्या तोंडाशी कक्षातर्फे खरं मशीन बसवू. आणि आईंना विचारा, बसतील का तिथे."

"चहाची सोय असेल का?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"असेल."

"मग बसेन की."

भूषणचा जीव भांड्यात पडला. त्याला आईला मिठी मारावीशी वाटली, पण काखेत हेल्मेट होतं. सगळं सुटलं होतं. आता मॅडमनी फक्त निघायचं होतं.

मॅडम निघाल्याही. चपला घालता घालता त्या कोपऱ्यातल्या स्कूटरपाशी थांबल्या. बोटानं तिच्यावरची निळी धूळ खरवडली. खालून हिरवी नंबर प्लेट निघाली.

"ही विजेची आहे."

जयदेवला एकदम खोकला आला.

"बघा जाधव, हीच आपली खरी लढाई," मॅडम कळकळीनं म्हणाल्या. "लोक उत्साहाच्या भरात गाडी घेतात, आकडा वाढतो, आपण खूश होतो. आणि गाडी अशी पडून राहते. हिच्यावर मिरच्या वाळतायत! आणि इकडे तुम्ही. एक दिवस खंड नाही. मी रोज बघते ना, हेल्मेट घालून येता ते. तुमची कुठे आहे आज?"

आता इथे खरं सांगता आलं असतं. भूषणनं तोंड उघडलंही. पण नुकताच एक गुन्हा कबूल करून सुटलेल्या माणसाला लगेच दुसरा कबूल करायला जमत नाही.

"सर्व्हिसिंगला टाकलीये," तो म्हणाला.

"ठीक. या गाडीच्या मालकाला शोधा. तुमच्यापेक्षा चांगलं कोण समजावणार त्याला? पडून असलेल्या गाड्यांवर लावायची आपली ती सूचना आहे ना, तुम्हीच मसुदा केलेली? लावा हिला. माझ्यासमोरच लावा."

भूषणनं पिशवीतून कागद काढला. 'सदर विद्युत वाहन वापराविना पडून असल्याचे आढळले आहे. मालकाने आठ दिवसांत कक्षात श्री. बु. जाधव यांच्यासमोर हजर राहून खुलासा करावा.' खाली त्यानं सही केली, तारीख टाकली, आणि मिरच्या हळूच बाजूला सारून तो कागद स्कूटरच्या पुढच्या बाजूला चिकटवला.

"नीट चिकटव," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं उडेल."

त्यानं चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. मॅडमनी समाधानानं मान हलवली आणि त्या आपल्या गाडीकडे गेल्या. अस्मिता इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. ती पुढे आली, तिनं सूचना वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली आणि म्हणाली,

"मालक सापडला की मला पण बोलवा. मला त्याच्याशी केव्हापासून बोलायचंय."